बाराच्या आत एक जेवण

१३ जुलै १९५७, शनिवार
ही डायरी कल्याणच्या भाताच्या गिरणीवाल्याने दिलेली. पहिल्या सहा महिन्यांची पानं चूल पेटवायला गेली. उरलेली वापरते. मराठी तिसरी झालेय, लिहिता येतं. कोणाला दाखवायची नाही.

लिहायचं कारण. आज परत वाजलं. भिंतीवरच्या घड्याळात बाराचे टोले संपले आणि मागच्या दाराशी टिंग टिंग टिंग. जरा थांबून परत टिंग टिंग.

सासूचा पितळेचा वाडगा. दुसरा आवाज नाही तो. चैत्रात गेली म्हातारी. सगुणाबाई नाव. शेवटचं दीड वर्ष लकव्याने वाचा बंद. काही हवं असलं की बोटातली चांदीची अंगठी वाडग्यावर आपटायची. आता वाडगा माळ्यावर आहे, गोणपाटात बांधून. अंगठी माझ्या बोटात. मग वाजतं काय?

ह्यांना विचारलं. हे म्हणजे आमचे गोपीनाथ, ओट्यावर आडवे. बोलले, मना काय ऐकू येत नाय, उंदीर असंल. उंदराला बाराची वेळ कोणी शिकवली?

मी म्हातारीचं काही कमी केलं नाही. पहिल्याच पानावर लिहून ठेवते.

१५ जुलै
भगत झाला. कोंबडा घेऊन गेला, वर नारळ. आवाज तसाच. कल्याणच्या डॉक्टरने कानात तेल सांगितलं. तेलाने फक्त उशी खराब झाली.

आज लावणीला वाडीतली गंगू आलेली. ओढ्यापलीकडची वाडी. त्या लोकांनी मागच्या दसऱ्यापासून जुने देव सोडले, बुद्ध धरला. गंगू बोलली, गोदाबाई, आमचे भन्ते आलेत पावसाळ्याला. ओढ्याच्या अलीकडे, तुमच्या बाजूच्या सागात, मसणवटीच्या वर कारवीची झोपडी बांधून दिलीय आम्ही. पावसाचे तीन महिने एका जागी राहायचं, आश्विनातल्या पुनवेपर्यंत. मग निघून जायचं. लोक देतील ते खायचं. मागायचं नाही.

आणि बोलली, उपाशी गेलेल्या माणसाच्या नावाने भन्तेंना जेवण द्यायचं, मग तांब्याने पाण्याची धार सोडायची. ते पुण्य त्या माणसाला पोचतं. मग तो दाराशी येत नाही.

मी बोलले, आमची म्हातारी काय उपाशी नाही गेली. गंगूने माझ्याकडे बघितलं. मग वाकली आणि परत रोपं लावायला लागली. ह्या बायकांना बघायची फार सवय.

तरी एक जेवण द्यायला काय जातं. एका दुपारचं काम. गुरुवारी उरकून टाकते.

१८ जुलै, गुरुवार
गेले. सुपात तांदूळ, तूरडाळ, गूळ, चार वांगी. आठ दिवसांची बेगमी. हात सढळ ठेवला.

भन्ते म्हणजे वाळका माणूस, चाळिशीचा, डोकं भादरलेलं. लंकेचा की चितगावचा, कोणाला नक्की माहीत नाही. हिंदी बोलतो, माझ्यापेक्षा वाईट. शिधा बघून नुसता हसला. हात लावला नाही.

गंगू तिथेच झाडत होती. बोलली, अहो कच्चं काय आणलंत? त्यांना चूल पेटवायची नाही. आजचं उद्याला ठेवायचं नाही. जमीन खणायची नाही, झाडाचं पान तोडायचं नाही. मी बोलले, मग करायचं काय? बोलली, बसायचं.

बसायचं काम आमचे हे पण करतात. त्यांना कोणी हात जोडत नाही.

सूप परत आणलं. बाराला वाजलं.

२२ जुलै
आज शिजवून नेलं. भात, वाल, लोणचं. लावणीची घाई, सात बाया शेतात उभ्या. भन्ते कुठे ओढ्यावर गेलेले. झोपडीच्या दारात टोपली ठेवली, पानाने झाकली, आले. झालं काम. डोक्यावरचं ओझं उतरलं. घरीच तांब्याने पाणी पण सोडलं.

संध्याकाळ. काम झालं नाही. गंगू सांगत आली. हातात दिल्याशिवाय घेता येत नाही म्हणे. समोर पडलेलं असलं तरी नाही. टोपलीला मुंग्या लागल्या, त्याने त्यांना पण हाकललं नाही.

समोर ठेवलेलं उचलून तोंडात घालायचं, त्यात काय जड आहे? म्हातारीपुढे पण मी ताट ठेवून जायचे. उचलायचं की नाही ते ज्याचं त्याने बघायचं.

तिचा उजवा हात चालत नव्हता, ते वेगळं.

२६ जुलै, आषाढ अवस
आज पक्का बंदोबस्त. घरचा लाल कोंबडा कापला. मसाला स्वतः वाटला, पाट्यावर, कमरेत उसण भरेस्तोवर. तांदळाच्या भाकऱ्या. वेळेत पोचले. गंगूला साक्षीला घेतलं. भन्ते खाली बसले, भांडं पुढे केलं. सगळं रीतीप्रमाणे.

मी बोलले, महाराज, खास आपके वास्ते काटा.

त्यांनी भांड्यावर हात ठेवला.

गंगूने कपाळावर हात मारला. बाहेर येऊन मला बोलली, अगो माझे बाय, मटण-कोंबडी चालते त्यांना, पण त्यांच्यासाठी कापलेली नाही चालत. गप्प बसला असतात तर जेवले असते!

आता ह्याच्यात माझी काय चूक? माणसाने केलेलं सांगायचं पण नाही?

कोंबडा ह्यांनी खाल्ला. बोलले, भन्तेंना रोज बोलव.

५ ऑगस्ट
भन्ते आज गावातून फिरले, भांडं घेऊन. मी मागे भाकऱ्या करत होते. ह्यांनी ओट्यावरून हाक मारली, अगं गोदा, दारात कोण उभा हाय बघ.

उंबऱ्यापलीकडे दोन पाय. चिखलाने भरलेले, बोटं वाकडी. मान खाली. पोटाशी भांडं. तोंडातून शब्द नाही, डोळ्यात पण नाही. नुसतं उभं.

म्हातारी अशीच बसायची मागच्या दाराशी. मान खाली, मांडीत वाडगा.

भाकरी घेऊन पुढे झाले. भांड्यात बघितलं तर तळाला वाडीतली नाचणीची भाकरी, आंबाडीची भाजी, कोणाकोणाच्या घरचं, सगळं एकात. माझी तांदळाची भाकरी त्याच्यावर पडणार. हात थांबला. बोलले, थांबा, वेगळं पान आणते. पान आणून बघते तर अंगण रिकामं. पाय तेवढे उमटलेले.

माझ्या मनात तसं काही नाही. पण गावात राहायचं तर लोकांचं बघावं लागतं. समोरची मंदाकिनी पडदा सारून बघतच होती.

पाऊस पडला तरी उमटलेले पाय संध्याकाळपर्यंत तसेच. शेणाने सारवून टाकले.

२० ऑगस्ट
नवीन अडचण. भन्ते बाराच्या नंतर काही खात नाहीत. घास नाही, फळ नाही, दूध नाही. दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत पाणी.

हे मला आवडलं. रूल म्हणजे रूल.

आज निघायला जरा उशीर झाला. म्हैस सुटलेली. जांभळीपाशी पोचते तर शाळेची बाराची घंटा. म्हणजे पुढे जाण्यात अर्थ नाही. परत फिरले. जेवण वाया कशाला घालवायचं, जांभळीखाली बसून खाल्लं. घरी येऊन टेकते तोवर आमच्या घड्याळात बाराचे टोले आणि मागे टिंग टिंग.

आमचं घड्याळ मागे चालतं. सासऱ्यांनी मुंबईच्या गोदीतून आणलेलं. म्हातारीने कोणाला काटा हलवू दिला नाही, मी पण हात लावला नाही. त्याच्यावर भरवसा नाही, मी घंटेवर चालते.

२९ ऑगस्ट
गणपती. पाहुणे. जमलं नाही.

८ सप्टेंबर
दोन आठवडे आवाज वाढलाय. आधी तीनदा, आता सात-आठदा. टोपल्याखाली डोकं घातलं तरी ऐकू येतं.

म्हातारीचा डॉक्टर बोललेला, वेळेवर भरवा, अवेळी देऊ नका. मी अक्षरशः पाळलं. शेतावरून यायला मला दोन व्हायचे, कधी अडीच. वेळ टळली तर टळली. ती वाजवत राहायची. मी सांगायचे, आई, डॉक्टरचा रूल आहे, आता दिवे लागल्यावर. डॉक्टरने सांगितलेलं कोण मोडणार? उद्या काही झालं असतं तर मलाच बोलले असते.

अंगठी काढून तांदळाच्या डब्यात पुरली. तरी वाजलं. परत घातली. चांदी आहे, काळी पडेल.

९ सप्टेंबर
ओढ्याला पूर. ओढ्यावरचा साकव वाहून गेला. पलीकडून गंगू ओरडत होती, वाडीत घरोघर ताप आहे, उठायला माणूस नाही. गोदाबाई, भन्ते तुमच्या बाजूला अडकलेत, पूर उतरेपर्यंत तुम्ही बघा!

मी ओरडले, गॅरंटी!

लगेच झोपडीवर गेले. स्पष्ट सांगितलं. बोलले, महाराज, आठ दिन खाना मैं लाएगी. तुम किधर घूमने का नहीं. गाव में जाने का नहीं. ते काही बोलले नाहीत. मान हलली असं वाटलं.

बघ म्हणावं आता. एक सोडून आठ जेवणं. पाण्याच्या आठ धारा. म्हातारी थेट स्वर्गात.

१० सप्टेंबर
पाहुणा आला, माझ्या बहिणीच्या, शालूच्या सासरचा. चहा, पान. निघाले, जांभळीपाशी घंटा. परत. खाल्लं.

११ सप्टेंबर
ओली लाकडं. जांभळीच्या अलीकडेच घंटा. परत.

१२ सप्टेंबर
आज वेळेत निघालेले. मंदाकिनी वाटेत भेटली, तिच्या सुनेचं ऐकून घ्यावं लागलं. घंटा.
हे बोलले, भन्तेंना जेवण नेऊन नेऊन तूच गरगरीत झालीस.

१३ सप्टेंबर
घंटा.

१४ सप्टेंबर
आज पार झोपडी दिसेपर्यंत पोचले, तेवढ्यात घंटा. लांबून बघितलं. भन्ते झाडाखाली बसलेले, पाऊस उघडून ऊन पडलेलं. पुढ्यात झाकलेलं भांडं. जमिनीत एक काठी रोवलेली, तिच्याकडे बघत होते. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे पोटाची काही घाई नसणार. हाक मारावी असं वाटलं. पण बारा वाजून गेल्यावर माणसाला जेवण दाखवणं म्हणजे त्याचं व्रत मोडायला लावणं. ते पाप मी करत नाही.

परत फिरले. कोणीतरी मागून येतंय असं सारखं वाटत होतं. वळून बघितलं नाही. जेवण पण गेलं नाही. टोपली म्हशीपुढे उलटी केली.

१५ सप्टेंबर, रविवार
अंग मोडून आलंय. शाळेला सुट्टी, घंटा नाही. घंटेशिवाय वेळ कशी कळणार? गेले नाही.

१६ सप्टेंबर
पूर उतरला. भन्ते वाडीकडे जाताना दिसले. चालताना वाकलेले. पण चालत होते! म्हणजे कोणीतरी दिलं. माणूस काय हवेवर जगत नाही. उगाच माझ्या जिवाला घोर.

गंगूने विचारलं, दिलंत ना? मी बोलले, रोज निघत होते. हे खरंच आहे.

२३ सप्टेंबर, सर्वपित्री
म्हातारीचं पान वाढलं. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. तिला आवडायचं ते सगळं. बाराला पान मागच्या दाराशी ठेवलं.
पानाच्या शेजारी वाजलं. पान तसंच.

६ ऑक्टोबर, रविवार
श्रीपाद मास्तर आले. शाळेचे मास्तर, कोकणातले बामण, एकटा माणूस. शाळेचं घड्याळ बंद पडलं म्हणून आमचं बघायला. बघून हसायला लागले. म्हणाले, अहो गोदाबाई, हे तर जुन्या मुंबई टायमावर आहे! चाळीस मिनिटं मागे. सरकारने दोन वर्षांपूर्वी बंद केला तो टाईम. शाळा स्टेशनच्या टायमावर चालते. पण खरं सांगू का, सूर्याच्या हिशेबाने तुमचंच बरोबर. आपल्या खडवलीत सूर्य डोक्यावर येतो तो तुमच्या बाराला, माझ्या घंटेला नाही.

मी बोलले, मग भन्तेंचे बारा कुठले?

म्हणाले, सूर्याचेच. ते घड्याळ कुठे बाळगतात? काठी रोवून सावली बघतात. सावली आखूड होत असते तोवर जेवतात, वाढायला लागली की हात धुतात. मला त्या रविवारी कळलं, पुराच्या. गप्पा मारायला गेलो तर त्यांचं भांडं कोरडं, झाडाला धरून उठले. धावत घरी येऊन पिठलं-भात नेला. म्हटलं, भन्ते, बारा वाजून गेले, आता काय करायचं? त्यांनी काठी दाखवली. बराच अवकाश होता.

मग चष्मा पुसत बसले. म्हणाले, तुम्ही रोज टोपली घेऊन शाळेवरून जायचात, म्हणून मी निर्धास्त होतो. आणि ते तर गावात पण फिरले नाहीत. कोणी आमंत्रण दिलं आणि ते गप्प राहिले, म्हणजे घेतलं. मग ते सोडून दुसरीकडे भांडं घेऊन जात नाहीत. माझं पण घेईनात. शेवटी मी खोटं बोललो. म्हटलं, गोदाबाईंनीच पाठवलंय.

मी चहा ठेवायला आत गेले. चहा उतू गेला.

म्हणजे पाच दिवस. जांभळीखाली बसून मी जेवत होते तेव्हा चाळीस मिनिटं होती. भरपूर.

पण एक आहे. पिठलं-भात माझ्या नावावर गेला. म्हणजे एक जेवण झालं. फक्त पाण्याची धार राहिली.

८ ऑक्टोबर, पुनव
आज जाणार होते. कापणीच्या बायका आल्या. उद्या पहिलं काम तेच. आमच्याच घड्याळावर निघायचं. घंटा वाजली तर कानात कापूस.

९ ऑक्टोबर, बुधवार
पहाटे उठले. वालाचं बिरडं, भात, भाकरी, दही. कोणासाठी केलं हे बोलायचं नाही, पाठ केलं. तांब्या घेतला. वाटेत मंदाकिनीने हाक मारली, थांबले नाही. जांभळ मागे टाकली. शाळेची घंटा झोपडी दिसल्यावर वाजली. चालत राहिले.

काठी होती. सावली अजून आखूड होत होती. मी टायमात होते.

भन्ते नव्हते. गंगुबाई झोपडी झाडत होती. बोलली, काल पुनव झाली, आज उजाडताना निघाले. कसाऱ्याच्या अंगाने, चालत. कुठे ते सांगत नाहीत.

मी खाली बसले. टोपली मांडीवर. बोलले, माझी धार राहिली.

ती बोलली, सगुणाईच्या नावाची ना? ती मी केव्हाच सोडली. श्रावणात. नाचणीची भाकरी वाढली आणि नाव घेतलं.

मी बोलले, तू का? तुझी कोण ती?

गंगुबाईने झाडू खाली ठेवला. बोलली, बाराला शेतातून जेवणाची सुट्टी झाली की मी तुमच्या परसामागून वाडीत जायची. म्हातारी वाडगा वाजवायची. मी माझ्या भाकरीतली अर्धी कुस्करून भरवायची. तुमच्या घरात कळलं तर दोघींचं काही खरं नव्हतं, म्हणून गप्प. दीड वर्ष. माझा सूर्य चुकला नाही कधी.

मी बोलले, म्हणजे ती वाजवायची ते...

बोलली, मला बोलवायची, गोदाबाई. तुम्हाला कशाला बोलवेल?

टोपली तिला दिली. हातात दिली. तिने घेतली. आज वाडीत खातील बोलली.

१० ऑक्टोबर
बाराचे टोले पडले. मागच्या दाराशी बसले होते. वाजलं नाही. वाट बघितली. सावली दाराबाहेर सरकली तरी वाजलं नाही.

माळ्यावरून गोणपाट काढलं. वाडगा हिरवा पडलाय. मांडीत घेतला. अंगठीने तीनदा वाजवून बघितला. थांबून परत दोनदा. परसात कोणी आलं नाही.

ओट्यावरून हे ओरडले, अगं, वाजवतंय कोण?

ह्यांना आज ऐकू आलं.

मी बोलले, कोणी नाही. मीच.